काळ्या डगल्याचा सौदा

मंगळवारी सकाळी ओलिंदो जेर्बाउदो बाजारात पोचला की गुरांच्या पत्र्याखालचा गलका क्षणभर कमी व्हायचा आणि मग पुन्हा वाढायचा. ओलिंदोला हे आवडायचं. पंचाहत्तरी उलटलेल्या कुठल्याही माणसाला आपण आल्याची कोणी दखल घेतलेली आवडतेच, त्याला ती इतरांपेक्षा चार आणे जास्त आवडायची. कास्तेलमेर्लोच्या बाजारात उरलेला तो एकटाच दलाल होता. बाकीचे एकतर मेले होते, नाहीतर लेकाकडे तोरिनोला जाऊन बाल्कनीत बसले होते.

दलाल म्हटलं की लोक नाक मुरडतात. मुरडोत बापडे. इथे मात्र दलालाशिवाय जनावराची दावण सुटत नाही. विकणारा आणि घेणारा एकमेकांचा भाव ऐकून एकमेकांच्या आईवडिलांपर्यंत पोचतात, तेव्हा मधे उभं राहायला कोणीतरी लागतंच. दलाल एकाला बाजूला घेतो, मग दुसऱ्याला घेतो, दोघांना शिव्या घालतो, आणि शेवटी दोघांचे हात एकमेकांत देऊन वरून आपला हात आपटतो. हात पडला की सौदा झाला. कागद नाही, सही नाही. त्यानंतर सोन्याचा भाव देणारा आला तरी विकणाऱ्याला मागे फिरता येत नाही. आणि दलालाने चुकून भलत्याच माणसावर हात पाडला, तर जनावर दलालाच्या गळ्यात, ठरलेल्या भावाने. ओलिंदोच्या गळ्यात आजवर एक शेळीसुद्धा पडली नव्हती, आणि हे तो न विचारता सांगायचा.

जे तो कोणी विचारलं तरी सांगत नव्हता ते असं, की त्याच्या नजरेचा मधला भाग गेला होता. कडेचं सगळं दिसायचं. खांब, दोर, शेजारच्या बैलाची शेपटी दिसायची. पण ज्याच्याकडे बघावं तिथे धुरकट डाग. माणसाच्या धडावर चेहऱ्याऐवजी धूर बसलेला. बैल दिसायचा, कारण बैलाएवढी वस्तू न दिसायला डोळे पारच फुटावे लागतात. माणसं तो आवाजावरून, चालीवरून, कपड्यांवरून ओळखायचा. सोपंही झालं होतं ते, कारण लोक अलीकडे फार रीतीने वागू लागले होते. जवळ आले की आधी नाव सांगायचे. “ओलिंदो, मी बेप्पे.” “काका, मी रेमो.” पूर्वी असं कोणी करत नसे. पांढऱ्या केसांना मान देतात, असं ओलिंदोने धरलं होतं. घरी त्याची मुलगी नीव्हेससुद्धा स्वयंपाकघरात शिरताना म्हणायची, “बाबा, मी नीव्हेस.”

ही नीव्हेस बँकेतली नोकरी सोडून आता माणसं हिंडवायची. तिच्याकडे आठ जणांची पांढरी व्हॅन होती. थंडीच्या दिवसांत सगळं जग जमिनीखालची ती महागडी अळंबी हुंगायला आल्बाला जातं आणि तिथे एकमेकांच्या पाठी बघून परत येतं. नीव्हेस तसल्या गर्दीला कंटाळलेल्या लोकांना मिलानो-मोंझाहून उचलायची आणि कोणी नाव ऐकलं नाही अशा बाजाराच्या गावांना न्यायची. बुधवारी टोपल्यांचं गाव, शुक्रवारी चीजचं आणि मंगळवारी आपलंच गाव.

“जिथे कोणी जात नाही तिथे जायला माणसं पैसे देतात, हे माझ्या डोक्यात शिरत नाही,” ओलिंदो म्हणायचा.

“तुमच्या डोक्यात शिरावं म्हणून नाही देत बाबा. माझ्या पेट्रोलसाठी देतात.”

त्या मंगळवारी ती सहा जणांना घेऊन आली. व्हॅनमध्येच तिने त्यांना समजावलं होतं, की पत्र्याखाली सौदे खरे चालतात, तिथे बोलायचं नाही, फोटोसाठी मधे घुसायचं नाही, आणि कोणी बाही धरून इकडचं तिकडे केलं तर रागवायचं नाही, मुकाट्याने जायचं. सगळे शहाण्यासारखे हो म्हणाले. त्यांच्यात त्रांक्विल्लो बोसिझिओ नावाचा मोंझाचा एक पाववाला होता. उभा जन्म भट्टीपुढे काढून नुकताच दुकान विकून मोकळा झालेला, दाराएवढा रुंद माणूस. पत्र्याच्या तोंडाशी मोजे-बनियनं विकणारी एक गाडी लागते, तिच्यावर त्याला गुरांच्या व्यापाऱ्यांचा तो गुडघ्यापर्यंतचा काळा डगला दिसला. नातवंडांना गंमत दाखवायला त्याने तो घेतला, आणि थंडी होती म्हणून तिथेच अंगात चढवला. हे सगळं ओलिंदोला मागाहून कळलं.

त्या वेळी ओलिंदो होता डेल्फिना ओच्चेल्लीच्या बैलापाशी. डेल्फिना वरच्या वाडीतली विधवा. नवरा गेल्यावर गुरं तिने एकटीने सांभाळली आणि नवऱ्यापेक्षा बरी सांभाळली, असं लोक म्हणत, तिच्यासमोरसुद्धा. तिचा हा पांढरा बैल नाताळाच्या रश्श्यासाठी चार वर्षं पोसलेला होता. नाव बातिस्ता. हे तिच्या थोरल्या दिराचं नाव. दोघांच्या मानेत साम्य होतं म्हणे.

“मी डेल्फिना,” ती म्हणाली. “रेमो खाटीक मघापासून माझ्या बैलाच्या पाठीवर हात फिरवतोय. एकतर विकत घे म्हणावं, नाहीतर लग्न कर.”

“मी रेमो, काका,” दुसरीकडून आवाज आला. “मला लवकर मोकळं करा. दुकानात बायको एकटी आहे.”

“ती एकटी असली की दुकान जास्त चालतं असं ऐकलंय,” डेल्फिना म्हणाली.

ओलिंदोने दोघांना दामटलं. रेमोला खांबाआड नेऊन सांगितलं की असा बैल तुझ्या बापाने कापला नाही. डेल्फिनाला गव्हाणीपाशी नेऊन सांगितलं की नाताळ झाल्यावर याला घेऊन बसशील आणि तो तुलाच खाईल. दोघांत किलोमागे अर्ध्या युरोचं अंतर उरलं. तिथे गाडी रुतली. मग रेमोने रीतीप्रमाणे हात झटकले, टोपी पुढे ओढली आणि काळा डगला सावरत चालता झाला.

यात घाबरण्यासारखं काही नसतं. घेणारा चालता होतोच. दलालाने त्याला थोडं जाऊ द्यायचं असतं आणि मग बाहीला धरून ओढत आणायचं असतं. ओढून आणलेल्या माणसाला वाढवून द्यायला लाज वाटत नाही, आपण होऊन परत येणाऱ्याला वाटते.

“तू निम्मं उतर,” ओलिंदो डेल्फिनाला म्हणाला. “निम्मं मी त्याला चढवतो.”

“उतरले. पण तोच हवा असं काही नाही. तो नखरे करत असला तर दुसरा आण. मला गिऱ्हाईकाशी मतलब.”

ओलिंदो निघाला. पत्र्याच्या शेवटच्या खांबापाशी एक रुंद काळा डगला पाठ करून उभा होता. रेमो इथेच घुटमळतो, हे त्याला ठाऊक होतं. खरा रेमो मात्र त्या दिवशी न घुटमळता थेट समोरच्या खानावळीत वजडीचा रस्सा ओरपायला गेला होता. सकाळपासून उपाशी होता बिचारा. ओलिंदोने डगल्याची बाही पकडली आणि ओढली.

“चल. पुरे झाले नखरे. ती निम्मं उतरलीय.”

त्रांक्विल्लोने मागे वळून बघितलं, टोपीवाला म्हातारा बघितला, आणि त्याला नीव्हेसचे शब्द आठवले. बोलायचं नाही. ओढतील तसं जायचं. तो खूश होऊन निघाला. इतकं जवळून बघायला मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं.

डेल्फिनाने समोर बघितलं. रेमो नव्हता. नवाच माणूस होता, अंगापिंडाने भरलेला, डगल्याच्या घड्यासुद्धा मोडलेल्या नव्हत्या. लांबचा कोणी बडा खाटीक असणार. तिला बरंच वाटलं.

“आणला की नाही?” ओलिंदो म्हणाला.

“आणलास खरा,” डेल्फिना म्हणाली.

“मग हात आण. तूही आण. बोलायचं असेल तर आत्ता बोल.” घेणारा गप्प होता. गप्प घेणारा म्हणजे पटलेला घेणारा, हे ओलिंदोने जन्मभर बघितलं होतं. त्याने भाव मोठ्याने सांगितला. डेल्फिनाने हात दिला. त्रांक्विल्लोनेही हसत हसत हात दिला. ओलिंदोचा हात वरून पडला, आणि त्या आवाजासरशी शेजारच्या दोन कालवडी दचकल्या.

“झालं,” ओलिंदो म्हणाला. खिशातून कात्री काढून त्याने बैलाच्या पुठ्ठ्यावर बोटांनी चाचपत केस कातरले आणि घेणाऱ्याची खूण उठवली, रेमो स्क्लाव्हेरानोची दोन अक्षरं. हे काम तो डोळे मिटूनही करू शकला असता, आणि हल्ली जवळजवळ तसंच करायचा.

“मी रेमो, काका.” आवाज मागून आला, तोंडात पावाचा घास असलेला. “कोणाला विकलात माझा बैल?”

ओलिंदोची कात्री हवेतच राहिली. त्याने डावा हात पुढे करून समोरच्या माणसाचा हात शोधला आणि धरला. मोठा हात, कोरडा, पण सुरीची एकही जुनी खूण नाही. बोटं सगळी शाबूत. खाटकाचा हात नव्हता हा.

“मला वाटलं दाखवताहेत,” त्रांक्विल्लो चाचरत म्हणाला. “मी पाव करायचो हो. मी बैल घेऊन काय करू?”

माणसं जमली. हात पडलेला सौदा मोडला, असं कास्तेलमेर्लोत झालं की लोक आधी जनावराकडे संशयाने बघतात. काहीतरी खोट असल्याशिवाय परत येत नाही, असा इथला समज आहे, आणि तशा जनावराला मग वर्षभर कोणी पुरता भाव देत नाही. डेल्फिनाने बातिस्ताचं दावं मुठीत घट्ट धरलं. ती हे सगळं ओळखून होती. नवरा जिवंत असताना एक गाय अशीच परत आली होती.

नीव्हेस माणसांतून वाट काढत आली. तिने एका नजरेत सगळं ताडलं, वडिलांचा पांढरा पडलेला चेहरा, कातरलेली अक्षरं, नवा डगला. बँकेत काम केलेली बाई, थाप मारायला वेळ लागला नाही.

“काही झालेलं नाही,” ती हसून मोठ्याने म्हणाली. “मीच बाबांना सांगितलं होतं, माझ्या पाहुण्यांना हात कसा पडतो ते दाखवा म्हणून. खेळ होता तो. बैल डेल्फिनाबाईंचाच आहे.”

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कोणीतरी हसलं. रेमोने घास गिळला आणि हात पुसले. “खेळ होय. मग ठीक आहे. चला, आता खरा हात पाडा. निम्मं मी चढतो.”

इतकं सोपं होतं. ओलिंदोने नुसतं हसायचं होतं. बैल जायचा तिथे जात होता, भाव ठरला तोच मिळत होता, अब्रू शाबूत राहत होती. त्याला मोह झाला, आणि चांगलाच झाला. पत्र्याबाहेर त्याचं दुसरं काहीही नव्हतं. मंगळवार काढून घेतला तर उरलेल्या सहा दिवसांचं करायचं काय, हे त्याला माहीत नव्हतं.

तेवढ्यात डेल्फिना हळूच म्हणाली, “मी दिलेला हात खेळातला होता का रे?”

ती रागावली नव्हती. खरंच विचारत होती. ओलिंदोला तिचा चेहरा दिसला नाही, पण दाव्यावरची मूठ डागाच्या कडेला दिसली.

“नाही,” तो म्हणाला. “खेळ नव्हता. माझी पोर मला झाकतेय. हात खरा पडला आणि भलत्या माणसावर पडला, कारण मला त्याचं तोंड दिसलं नाही. मला कोणाचंच तोंड दिसत नाही. डगला दिसला, तो धरून आणला.” त्याने बैलाच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला. “बैलात काही खोट नाही. खोट माझ्यात आहे. रीत सगळ्यांना माहीत आहे. बैल माझा.”

“बाबा,” नीव्हेस म्हणाली, “आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो.”

“राहीना का.”

कोणी हसलं नाही. रेमो पायाने पेंढा उकरत होता. मग तो म्हणाला, “काका, विकणार का बैल?”

“विकणार.”

“भाव?”

“तिच्याशी ज्या भावाने हात पडला तोच.”

“थोडं तरी खाली?”

“रेमो, तुझ्या बापाची रडगाणी ऐकली, तुझी ऐकली. आज मला जमायचं नाही.”

“बरं, घेतला,” रेमो म्हणाला. “हात कोण पाडणार?”

आता पंचाईत झाली. स्वतःच्या जनावरावर दलालाला हात पाडता येत नाही आणि दुसरा दलाल गावात नव्हता. माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग डेल्फिनाने दावं शेजाऱ्याच्या हाती दिलं, बाह्या सारल्या, ओलिंदोचा आणि रेमोचा हात एकमेकांत दिला आणि वरून धोपटण्याने कपडे धुवावेत तसा हात आपटला. रेमो ओय म्हणाला. बैलावरची खूण बदलायची गरज नव्हती, ती आधीच बरोबर होती.

ओलिंदोने कात्री खिशात ठेवली. “माझं आजपासून संपलं,” तो म्हणाला. “आधीच सांगायला हवं होतं. तुम्हाला सगळ्यांना फसवलं मी.”

“कोणाला फसवलंस?” डेल्फिना म्हणाली. “ओलिंदो, आपण शाळेत एका बाकावर बसायचो. माझी शाई तू सांडलीस. आणि दर मंगळवारी मी तुला येऊन सांगते, मी डेल्फिना. का सांगते? तुला माझं नाव माहीत नाही म्हणून?”

ओलिंदोला एकेक आवाज आठवू लागला. मी बेप्पे. मी रेमो. दूधवाला, वजनकाट्यावरची बाई, औषधाच्या दुकानातला मुलगा, चर्चच्या पायरीवर भेटणारा पाद्री. हे सगळं तो मान समजत आला होता. तो नीव्हेसच्या दिशेला वळला.

“तूसुद्धा?”

“घरात आपण दोघंच आहोत बाबा,” ती म्हणाली. “तिसरं कोण यायचं होतं?” आणि ती रडायला लागली, पाहुण्यांच्या देखत.

“मग कोणी बोललात का नाही मला?” त्याला खूप राग आला होता, आणि लाजही तेवढीच वाटत होती.

“तू बोलला नाहीस म्हणून,” डेल्फिना म्हणाली. “तुझं चाललं होतं, आमचंही चाललं होतं. या पाववाल्या बिचाऱ्याला काय माहीत, की इथे आधी नाव सांगायचं असतं. पुढच्या मंगळवारी मी दोन कालवडी आणतेय. ये. मी माणसांची नावं सांगेन.”

“नको,” ओलिंदो म्हणाला. “तू आत्ता पाडलास की हात. बरा पाडलास.”

“माझ्या कालवडींवर मला कसा पाडता येईल?”

“मग बघा काय ते. हात पाडायचा तर तोंड बघून पाडायचा असतो.” यावर तो शेवटपर्यंत हलला नाही.

खानावळीत त्याची जागा भिंतीशी होती. तो बसला. समोर रश्श्याचा वाडगा आला, लाल वाइनचा पेला आला. येणारे जाणारे टेबलाशी थांबायचे आणि नेहमीसारखं नाव सांगायचे, जरा ओशाळून, पण सांगायचे. आधी प्रत्येक नाव त्याला चिमट्यासारखं लागलं. मग हळूहळू ते लागेनासं झालं. वाडगा अर्धा झाला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की इतकी माणसं, इतके मंगळवार, आणि एकजणही कधी विसरला नव्हता. त्याने डोळे पुसले आणि रस्सा फार तिखट झालाय असं वाढणाऱ्या बाईला सुनावलं. त्यात मिरी नावालासुद्धा नव्हती.

नीव्हेसने व्हॅनचा भोंगा वाजवला. तिच्या लोकांना संध्याकाळच्या आत मोंझा गाठायचं होतं. तेव्हा टेबलापाशी जड पावलं आली आणि थांबली. कडेने काळं काही दिसलं नाही. माणसाने डगला काढून ठेवला होता.

“मी त्रांक्विल्लो,” तो म्हणाला. “बोसिझिओ. मोंझाचा. पाववाला.”

ओलिंदोने मान वर केली आणि धुराकडे नीट बघितलं. “डगला कुठे आहे?”

“व्हॅनमध्ये टाकला. लाज वाटली.”

“घाल. घाटात थंडी असते,” ओलिंदो म्हणाला आणि हात पुढे केला. पाववाल्याने तो दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. या वेळी वरून कोणी हात आपटला नाही.